नेपाळची आठ नंबर

मी आयुष्यात एकदाच परदेशाकडून खेळले. तो देश नेपाळ, आणि मैदान मंठ्याच्या बैलबाजाराचं. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मला वेडी समजतात. समजू देत. त्या दिवशी त्या मैदानावर शहाणं कोण होतं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

पंचायतीच्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या, त्या सुमाराची ही गोष्ट. आमच्या भागात एक पुढारी होते. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंची जागा राखीव झाली, तेव्हा वहिनींना उभं करायचं ठरलं. पण वहिनींना तोवर त्यांच्या गल्लीच्या बाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं. लोकांना त्यांची ओळख व्हावी म्हणून बायकांचं काहीतरी दणक्यात करायला पाहिजे होतं. त्यातच विरोधी गटानं अखिल भारतीय कुस्त्या जाहीर केल्या. "अखिल भारतीयच्या वर काय असतं?" असं भाऊंनी आमच्या पीटीच्या सरांना विचारलं. सर भूगोलही शिकवायचे. ते म्हणाले, "आंतरराष्ट्रीय." झालं, ठरलं.

फुटबॉल का, तर शाळेत सरकारी योजनेतून आलेले फुटबॉल पडून होते. मुलांना क्रिकेट पाहिजे होतं, म्हणून उरलेला खेळ मुलींना मिळाला होता. शाळा भाऊंची, सर भाऊंच्या शाळेचे, तेव्हा मुलीही भाऊंच्याच झाल्या. भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं: भव्य विभागीय आंतरराष्ट्रीय महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा. विभागीय की आंतरराष्ट्रीय, नक्की काय, असं एकानंही विचारलं नाही. दोन्ही शब्द वजनदार होते, तेवढं पुरे होतं.

त्या वर्षी मी दहावीत होते. आमचं घर मेंढरांचं. आजोबांपर्यंत सगळी फिरस्ती; आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाटूरजवळ थोडी जमीन कसायला घेतली, पण मेंढरं काही सुटली नाहीत. कळपातून फुटलेलं कोकरू पायानंच वळवून आणायची सवय मला लहानपणापासून होती. फुटबॉल त्यापेक्षा सोपा वाटला. तो निदान बें बें करत नाही. मी चांगली खेळायचे. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही, खरंच चांगली खेळायचे.

पण आबांनी परतूरकडच्या पाहुण्यांना शब्द दिला होता. दहावीची परीक्षा झाली की सुपारी फोडायची. मुलगा वाईट नव्हता. मला लग्नच नको होतं. अशात सरांनी वर्गात सांगितलं, की स्पर्धेला मुंबईहून एक बाई येणार आहेत. स्वतः मोठ्या खेळाडू होत्या, आता राज्याच्या संघाच्या मुली निवडतात. आपल्यातली एक मुलगी त्या पुण्याच्या शिबिराला नेणार, तिथंच राहणं, तिथंच शाळा. मी धावतच घरी गेले आणि आबांना सांगितलं. आबांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"सरकारची माणसं घेऊन जात असतील तर बघू," ते म्हणाले. "पर पाव्हण्यास्नी शब्द दिलाय. मी माझ्या तोंडानं न्हाई म्हणून सांगणार न्हाई."

"मंग कोण सांगणार, आबा?"

"ते मला काय म्हाईत?"

आबा असेच होते. कधी लबाडी बोलले नाहीत आणि दिलेला शब्द कधी परत घेतला नाही. या दोन गोष्टींपायी आमच्या घराला किती त्रास झाला ते आम्हालाच ठाऊक. पण त्यांनी "बघू" म्हटलं होतं, आणि मला तेवढं पुरेसं होतं. आधी बाईंनी मला निवडायला पाहिजे होतं. माझं सगळं त्यावर होतं.

आता परदेशी संघ बोलवायचे कसे? भाऊंना मोठा कार्यक्रम म्हणून एकच माहीत होता: लग्न. तेव्हा त्यांनी लग्नाच्या पत्रिकांसारख्याच पत्रिका छापून घेतल्या. कोपऱ्यात गणपती, खाली 'सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे', आणि शेवटी 'कृपया आहेर आणू नये'. रिवाजाप्रमाणे पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला ठेवून आले. बाकीच्यांना हळदकुंकू लावलं, आत अक्षता टाकल्या आणि त्या नेपाळ, श्रीलंका आणि भूतानला पोस्टानं रवाना केल्या. पत्त्यात काय लिहिलं होतं ते सरांनाच माहीत. एकही उत्तर आलं नाही.

"काळजी करू नका," भाऊ म्हणाले. "लग्नाला बी निम्मे पाव्हणे ऐनवेळी येतात."

स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत आम्ही श्रीलंकेची वाट बघितली. मुंबईच्या बाई मात्र निघालेल्या होत्या. संध्याकाळी भाऊंनी सरांना बोलावून घेतलं, आणि सर परत आले ते घाम पुसतच. आम्हा सगळ्यांना शाळेच्या पटांगणात उभं करून त्यांनी आमच्यात आशिया खंड वाटून टाकला. होस्टेलच्या मुली श्रीलंका, कारण होस्टेलला चारी बाजूंनी कंपाऊंड होतं. ज्यांना खेळता येत नव्हतं त्या भूतान, कारण भूतानचा खेळ कुणी बघितलेला नव्हता. आणि मी नेपाळ.

"सर, मला भारतात घ्या ना," मी म्हणाले. "बाई भारतातूनच निवडणार."

"भारत भरला," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. भारतात भाऊंची पुतणी कॅप्टन होती आणि तिच्या मैत्रिणी होत्या. "नेपाळ डोंगराळ देश आहे. तुला मेंढरांमागं चढायची सवय आहे. बराबर बसतं."

वर एक ताकीदही मिळाली. परदेशी मुलींनी मैदानात तोंड उघडायचं नाही. मराठीचा एक शब्दही नाही. आणि अंतिम सामना भारतानंच जिंकायचा. मी त्या दिवशी इतकी रडले की मायला वाटलं, आबांनी परीक्षेआधीच सुपारी फोडली.

दुसऱ्या दिवशी मैदानात सगळा तालुका लोटला होता. मांडव होता, आचारी होते, लग्नातला बँड होता. शिंप्यानं झेंडे शिवले होते. सरांनी त्याला नेपाळचा दोन त्रिकोणांचा झेंडा दाखवला, तेव्हा कपडा कमी पडला असेल असं समजून त्यानं बिचाऱ्यानं दोन तुकडे जोडून तो नीट चौकोनी करून दिला होता. बँडवाल्यांना राष्ट्रगीत एकच येत होतं, भारताचं. बाकीच्या देशांसाठी त्यांनी वरातीत वाजवतात तसली एक चाल लावली. श्रीलंका सावधान उभी होती, पण तिचे पाय हलत होते.

आणि सगळ्यात मोठी गंमत ही की आम्ही कोण आहोत हे सगळ्यांना माहीत होतं. मैदानाभोवती आमचे काका, मामा, मावश्या, दुकानदार, एस.टी.चे कंडक्टर उभे होते. फसवायचं होतं एकट्या मुंबईच्या बाईंना, आणि त्यासाठी सगळा तालुका गपगुमान कामाला लागला होता. भाऊंच्या घरचं कार्य होतं ना! "नेपाळ, पळ की गं जल्दी!" असं माझी सख्खी मावशी ओरडत होती. मावशीनं माझं नाव घेतलं नाही म्हणून मला तेव्हाही तिचं कौतुक वाटलं.

परतूरचे पाहुणेही आले होते. सहकुटुंब सहपरिवार. आबांच्या शेजारीच सतरंजीवर बसले होते.

बाई मांडवात पहिल्या रांगेत होत्या. केस कापलेले, पायात बूट, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. आमचा पहिला सामना भूतानशी होता. भूतान चेंडूला हात लावून नमस्कार करायचा आणि बाजूला व्हायचा. मी हवे तेवढे गोल केले. एकदा भूतानची एक मुलगी माझ्या पायात अडकून पडली आणि "अगं माय वं!" म्हणून तिनं सगळं मैदान डोक्यावर घेतलं. पंच सरच होते; त्यांनी शिट्टी वाजवून तिला गप्प केलं. मी चोरून बाईंकडे बघितलं. त्या पाणी पीत होत्या.

सामना संपल्यावर बाईंनी मला बोलावलं. "त्या आठ नंबरला जरा इकडे पाठवा." भाऊ घाईघाईनं पुढं झाले, "मॅडम, तिला आपली भाषा येत नाही हो." मग दुभाषा कुठून आणायचा? मंठ्याच्या बाजारपेठेत गस्त घालणारा एक गुरखा होता. आपल्या देशाचा संघ आला आहे असं कळल्यावर तो धुतलेले कपडे घालून, झेंडूचा हार घेऊन सकाळपासून आला होता. कुणीतरी त्याला पुढं ढकललं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. मागच्याच बाजारात त्यानं आबांकडून घोंगडी घेतली होती, आणि घासाघीस माझ्याशी केली होती.

"तिला विचारा, इतकं छान खेळायला कुठे शिकली?" बाई म्हणाल्या.

गुरख्यानं मला त्याच्या भाषेत लांबलचक काहीतरी विचारलं. मी मान हलवली. तो बाईंकडे वळला, हार हातातच होता, आणि शांतपणे म्हणाला, "बोलती है, भेड चराते चराते सीखी."

त्यानं एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खाली बघितलं. बाई भाऊंना म्हणाल्या, "काय मुलगी आहे! आपल्या देशाची असती तर आत्ता उचलून नेली असती."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. त्यांचा प्रत्येक शब्द मला कळला होता. भाऊ हसत होते, सर हसत होते, गुरख्यानं माझ्या गळ्यात हार घातला आणि बँडनं ती वरातीची चाल वाजवली. इतका राग मला त्यानंतर कधी आला नाही. स्वतःच्या तालुक्यात, स्वतःच्या माणसांत उभी राहून मी परदेशी म्हणून निवडीला मुकत होते.

अंतिम सामना भारत विरुद्ध नेपाळ. मी ठरवलं, आज कुणाचं ऐकायचं नाही. अर्ध्या वेळेच्या आत मी दोनदा चेंडू जाळ्यात मारला. दोन्ही वेळा सरांनी शिट्टी वाजवून 'ऑफसाइड' असं जाहीर केलं. ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला कधी शिकवलेलं नव्हतं. बहुतेक तो शब्द त्यांनी याच दिवसासाठी राखून ठेवला असावा.

अर्ध्या वेळेला पंगत बसली. खरीखुरी पंगत, पत्रावळीवर. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. "पाव्हण्यास्नी वाढा, नेपाळला वाढा," म्हणत वहिनी स्वतः वाढायला आल्या. त्यांची लोकांना ओळख व्हायची ती त्या पंगतीत झाली. नको म्हणायची सोय नव्हती, कारण तोंड उघडायचं नव्हतं. मी हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून बुंदी पत्रावळीवर पडली. पंगत उठली तेव्हा दोन्ही देशांना नीट चालताही येत नव्हतं. भारताची गोलकीपर खांबाला टेकून बसली ती उठलीच नाही.

तरीही मी जिंकले असते. पण कोणी बडी असामी आली की सामना थांबवायचा, असा भाऊंचा नियम होता. मी चेंडू घेऊन भारताच्या गोलपर्यंत पोचले होते, समोर गोलकीपर बसलेली होती, आणि नेमके तेव्हाच एक महाराज आले. शिट्टी वाजली. महाराज मैदानात उतरले. आमच्या नेपाळच्या साऱ्या मुली सवयीनं त्यांच्या पाया पडायला वाकल्या. आम्ही वाकलेल्या असताना भाऊंच्या पुतणीनं चेंडू उचलून पलीकडे नेला आणि आमच्या रिकाम्या गोलमध्ये सावकाश ढकलला. सरांनी शिट्टी वाजवली, बँड वाजला, भारत अजिंक्य झाला. महाराजांनी तो बँड आपल्याच स्वागताचा समजून हात जोडले.

बक्षीस समारंभात बाईंच्या हातात माइक दिला. त्यांनी थोडक्यात आटोपलं. "मी एक मुलगी निवडायला आले होते. मला या मैदानावर एकच खेळाडू दिसली, नेपाळची आठ नंबर. ती आपली नाही. तेव्हा मी कुणालाच न निवडता परत जाते आहे."

मी तोंड उघडलं. सर माझ्याकडे बघत होते. त्यांचे हात जोडलेले होते, पोटाजवळ, इतरांना दिसणार नाहीत असे. दिवसभराची ताकीद अशी काही अंगात मुरली होती, की मराठी शब्दच बाहेर पडेना. मी तशीच उभी राहिले, तोंड उघडं, गळ्यात झेंडूचा हार. सगळं संपलं, असं मला स्पष्ट वाटलं.

तेवढ्यात आबा उठले. पटका नीट केला, चपला सतरंजीखाली ठेवल्या आणि अनवाणी मांडवात आले. भाऊ त्यांना अडवायला गेले, पण बाईंनी माइक आबांच्या हातात देऊन टाकला. आबांनी त्या आधी माइक कधी धरला नव्हता. त्यांनी तो कानाला लावला. सरांनी तो त्यांच्या तोंडाशी आणला.

"मला बोलता येत न्हाई," आबा म्हणाले. "मी हिचा बाप हाय. बाई पोरगी मागून राह्यल्या. मी दिली."

इतकंच बोलले. 'दिली' हा शब्द कानावर पडताच बँडवाल्यांनी सवयीनं वाजवायला सुरुवात केली. लग्नात पोरगी दिली म्हटलं की वाजवायचं, एवढंच त्यांना माहीत होतं.

भाऊंच्या तोंडावरचा रंग उडाला. धोतर-पटक्यातला नेपाळचा बाप बाईंच्या समोर उभा होता. पण भाऊ काही उगाच पुढारी झाले नव्हते. त्यांनी माइक घेतला आणि घसा खाकरला. "बंधू-भगिनींनो, आज ऐतिहासिक दिवस! नेपाळच्या पालकांनी आपली लेक भारताला दिली आहे. आजपासून नेपाळ आणि मंठा तालुका यांच्यात रोटी-बेटीचे संबंध सुरू झाले, असं मी जाहीर करतो. टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांनी वाजवल्या. परतूरच्या पाहुण्यांनीही वाजवल्या. होणारे सासरे तर उभं राहून वाजवत होते.

पुढचं सगळं लग्नासारखं झालं. बायका ओटीचं ताट घेऊन आल्या. "कुवारणीची ओटी कशी भरायची?" एकीनं विचारलं. वहिनी म्हणाल्या, "बापानं दिली म्हणल्यावर भरायची." त्यांचा तो पहिला जाहीर निर्णय, आणि तो चालला. खण-नारळ पदरात घ्यायला माझ्या अंगावर पदर नव्हता, म्हणून मी आठ नंबरचा शर्ट पुढं केला. बाईंना शिबिरासाठी लगेच निघायचं होतं. मला जीपमध्ये बसवलं. आबा जीपपाशी आले, बाईंना म्हणाले, "पोर जपा," आणि पाठ फिरवून चालायला लागले. माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही. मला ते फार लागलं.

वाटूर फाट्यावर माय उभी होती. खबर एस.टी.नं आमच्या आधी पोचली होती, ती अशी, की पोरीला नेपाळला घेऊन चाललेत. मायनं भाकरी, ठेचा आणि घरातलं सगळ्यात जाड घोंगडं आणलं होतं. "तिथं बर्फ पडतो म्हणं," ती रडत म्हणाली. मी बाईंच्या समोर मराठीत बोलू की नको, मला कळेना. मी नुसतीच तिच्या गळ्यात पडले. पुण्याच्या उकाड्यात ते घोंगडं मी दोन वर्षं उशाला घेतलं.

जालना मागं पडल्यावर बाई म्हणाल्या, "आता बोल. नेपाळची हद्द संपली."

मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"भूतान 'अगं माय वं' म्हणाला तेव्हा," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या भाऊंनीच तुला परदेशी ठरवलं होतं. परत मागायची तर कुणीतरी द्यायला पाहिजे होती." मग त्या हसायला लागल्या, आणि थेट औरंगाबादपर्यंत अधूनमधून हसत राहिल्या.

मी राज्याकडून खेळले, पुढे गुडघा गेला, आता शाळेत मुलींना शिकवते. ऑफसाइडसुद्धा शिकवते. गावात गेले की अजून कुणीतरी विचारतंच, "नेपाळ, कधी आलीस?"

परतूरच्या पाहुण्यांचं काय झालं, हे मी पुष्कळ वर्षं विचारलं नाही. आबांवरचा त्या दिवसाचा राग माझ्या मनात होता. शेवटी एका दिवाळीत, ते ओट्यावर तंबाखू मळत बसले असताना विचारलं, "आबा, तुम्ही तर 'माझ्या तोंडानं न्हाई म्हणणार न्हाई' म्हणाले होते. मंग पाव्हण्यास्नी काय सांगितलं?"

"न्हाई कशाला म्हणू? म्हणलं, तुमच्यासमोर दिली. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. आता एक पोरगी दोन ठिकाणी कशी द्यायची, तुम्हीच सांगा." त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "त्यास्नी बी पटलं. चहा पिऊन गेले."

मी हसले. मग न राहवून म्हणाले, "पर जीपपाशी आल्ता, तर माझ्याकडं बघितलं बी न्हाई तुम्ही."

आबांनी बोटांना लागलेला चुना धोतराला पुसला.

"बघितलं असतं," ते म्हणाले, "तर दिली नसती."